मेळघाटाचे बारा महिने

अकोला सोडून अकोटच्या रस्त्याला लागलं की जमीन कुठे हातभरही वर-खाली होत नाही. दोन्ही अंगांना काळी माती, वेचणीला आलेली कपाशी, तिच्यात तुरीच्या ओळी आणि बांधावर एखादं निंबाचं झाड. गांधीग्रामला पूर्णा ओलांडली. श्रावणात अकोल्याचे कावडधारी इथलंच पाणी खांद्यावरून राजराजेश्वराला नेतात. पण या काठच्या माणसाला विहिरीचं पाणी मागून पाहा, तो हसतो. हा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही तीरांना पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखाली शेकडो फूट गाळ आहे आणि त्यातलं पाणी खारट. ते धड पिता येत नाही, धड पिकाला देता येत नाही. त्यामुळे इथल्या गावांची तहान भागते ती डोंगरातून नळाने आलेल्या पाण्यावर. वाण नदीवर वारीजवळ बांधलेल्या धरणातून अकोट-तेल्हारा भागाच्या ८४ खेडी योजनेला पाणी मिळतं, आणि ती वाण उतरते मेळघाटातून.

मेळघाट पाहायला निघालेले बहुतेक लोक अमरावतीहून परतवाडामार्गे थेट चिखलदरा गाठतात. आम्ही मुद्दाम अकोल्याकडून निघालो. जंगल दिसण्याआधी ते कुणाच्या घशाला ओलावा देतं हे या वाटेवर कळतं. अकोट मागे पडलं की समोर सातपुड्याची भिंत येते, आणि ‘भिंत’ हा शब्द इथे अक्षरशः खरा आहे. गाविलगडच्या या रांगेची दक्षिण बाजू भूगर्भातल्या मोठ्या भेगेच्या कडेने उभी आहे. त्यामुळे चढ हळूहळू लागत नाही. कपाशीचं शेत संपतं आणि डोंगर सुरू होतो.

दिवाळी नुकतीच आटोपली होती. जंगल पाहायला हा महिना फारसा कुणी सुचवत नाही. पावसाळ्याचे धबधबे आटलेले असतात आणि उन्हाळ्यात पाणवठ्यांवर येतात तशी जनावरं अजून गवतातून बाहेर आलेली नसतात. पण हा अधलामधला काळ होता म्हणूनच जंगलातली बाकीची कामं दिसली.

नरनाळा

अकोटपासून वीसेक किलोमीटरवर शहानूर गावातून नरनाळ्याची वाट चढते. नऊशे मीटरहून उंच असलेला हा किल्ला म्हणजे खरं तर तीन किल्ल्यांचा समूह आहे. मधे नरनाळा, पूर्वेला जाफराबाद आणि पश्चिमेला तेलियागड. १९९७ मध्ये किल्ला आणि त्याभोवतीचं जेमतेम बारा चौरस किलोमीटरचं रान अभयारण्य म्हणून जाहीर झालं. त्यामुळे इथे तटबंदीइतकंच वनखात्याचं राज्य आहे, आणि बुरुजावर उभं राहून सांबराची हाक ऐकता येते.

महाकाली दरवाजासमोर मात्र जंगल विसरायला होतं. सगळा डोंगर काळ्या बेसाल्टचा, आणि हा दरवाजा फिकट रंगाच्या वालुकाश्माचा. कमानीवर उमललेली कमळं, वर अरबी लिपीतला लेख, दोन्ही बाजूंना जाळीदार सज्जे. इतकी नजाकत या रानात कशाला, असं वाटावं. १४८७ मध्ये हा दरवाजा बांधवून घेतला फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क याने. विजयनगरच्या मुलखातल्या एका हिंदू कुटुंबातला हा मुलगा लढाईत बहमनींच्या हाती लागला आणि वाढत वाढत वऱ्हाडचा सुभेदार झाला. दरवाजा झाल्यावर तीनच वर्षांत त्याने अचलपूरला स्वतःची इमादशाही उभी केली. हा दरवाजा म्हणजे राजा होण्याआधी राजासारखं वागून पाहिल्याची खूण आहे.

गडावर शक्कर तलावासह लहानमोठी कितीतरी तळी आहेत. माथ्यावरचं पाणी उतारांनी तळ्यांत वळवलेलं दिसतं. खालच्या सपाटीवर गोडं पाणी दुर्मीळ, आणि वर कड्यावर तळ्यांची रांग. वऱ्हाडावर राज्य करणाऱ्याला हा डोंगर का लागत असे, हे गडावरच्या नौगज तोपेपेक्षा या तळ्यांनी मला जास्त स्पष्ट सांगितलं.

एका महिन्यातला इतिहास

नरनाळा उतरून अंजनगाव सुर्जीकडे वळलो. हा पट्टा पानपिंपळीचा आणि पानमळ्यांचा. पानपिंपळीचे वेल आयुर्वेदिक औषधांच्या बाजारासाठी पिढ्यानपिढ्या इथे लावले जातात. त्यांना सावली लागते, ओल लागते, आणि ती डोंगराच्या पायथ्याच्या गोड्या पाण्यामुळेच मिळते. पाच-सात कोस दक्षिणेला गेलं तर हेच पीक जगणार नाही.

याच रस्त्याच्या दोन्ही टोकांना १८०३ साल घडलं. २९ नोव्हेंबरला अकोटजवळच्या आडगावला इंग्रज आणि मराठे भिडले. १५ डिसेंबरला आर्थर वेलस्लीच्या फौजांनी भोसल्यांचा गाविलगड घेतला. १७ डिसेंबरला देवगावला नागपूरकर भोसल्यांनी तहावर सही केली, आणि ३० डिसेंबरला याच अंजनगाव सुर्जीत शिंद्यांनी. अवघ्या एका महिन्यात दख्खनच्या राजकारणाचा निकाल लागला. देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला, पुढे १८५३ मध्ये तो इंग्रजांच्या कारभारात आला. या तारखा शाळेत पाठ केल्या होत्या. त्या गावांच्या पाट्या एकामागून एक रस्त्यावर दिसल्या तेव्हा प्रथमच त्यांच्यातलं अंतर कळलं. बैलगाडीची मजल, एवढंच.

इंग्रजांनी वऱ्हाडात कापूस पाहिला तसा मेळघाटात साग पाहिला. १८६६ मध्ये बैरागड आणि गुगामळ भागातलं जंगल राखीव झालं. देशभर रेल्वे पसरत होती आणि चांगल्या लाकडावर सरकारचा डोळा होता. तेव्हापासून दीडशेहून अधिक वर्षं हे सरकारी जंगल आहे. परतवाड्याला सागवानाचे लिलाव होतात तो डेपो याच परंपरेतला.

सेमाडोह

परतवाडा सोडून घटांगचा घाट चढला की सागाचं राज्य सुरू होतं. या महिन्यात सागाच्या पानाकडे जवळून पाहावं. पावसाळ्याच्या उत्तरार्धात एक अळी पानाचा गर खाते आणि शिरा तेवढ्या सोडते. हाताएवढं पान उन्हासमोर धरलं तर त्यातून पलीकडचा डोंगर दिसतो. टेकड्याच्या टेकड्या अशा तपकिरी जाळीने झाकलेल्या होत्या. नवख्याला वाटतं जंगल वाळलं. ते वाळलेलं नसतं. पानाचा गर अळीच्या पोटात, अळी पाखरांच्या पोटात, असा हिशेब चाललेला असतो.

सेमाडोह सिपना नदीच्या काठी आहे. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या मेळघाटातल्या पाच नद्या उत्तरेकडे तापीला जातात. दक्षिण उतारावरच्या वाण, शहानूर, चंद्रभागा पूर्णेला मिळतात आणि पूर्णाही शेवटी तापीलाच. म्हणजे या डोंगरावर पडलेला थेंब कुठल्याही अंगाला घसरला तरी जातो एकाच नदीत. फरक एवढाच की दक्षिणेचा थेंब वाटेत वऱ्हाडाला पाजून जातो.

देशात १९७३-७४ मध्ये पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यात मेळघाट होता. महाराष्ट्रातला हा पहिला. आज गाभा आणि बफर मिळून त्याचं क्षेत्र २,७०० चौरस किलोमीटरहून अधिक आहे. एवढं मोठं, त्यात डोंगर-दऱ्या आणि दाट बांबू, त्यामुळे वाघ असूनही दिसत नाही. ताडोब्याला जाणारा माणूस वाघ पाहून येतो. इथे पहाटे जिप्सीत बसतानाच आमच्या चालकाने सांगून टाकलं, “दिसला त दिसला भाऊ, नाई त जंगल पाहा ना.” वाघ दिसला नाही. नदीच्या वाळूत पंजे दिसले, त्यांच्यावरून भेकराचे खूर गेलेले, म्हणजे वाघ आधी गेला आणि भेकर नंतर निर्धास्त आलं. एका उतारावर गव्यांचा कळप होता. मोठा नर मान वर करून उभा राहिला, कातडीवर दव चमकत होतं, गुडघ्यांखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि चरायला लागला.

पण मला ज्याला पाहायचं होतं ते पाखरू वीतभरापेक्षा थोडंसं मोठं आहे. रानपिंगळा. १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, १८८४ मध्ये शेवटचा नमुना मिळाला आणि मग तो नाहीसाच झाला. १९१४ मध्ये तो मिळाल्याची एक नोंद होती, पण तो नमुना रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने संग्रहालयातून चोरून, खोटी चिठ्ठी लावून मिरवलेला निघाला. ती लबाडी उघडकीला आणणाऱ्या पामेला रासमुसेन यांनी मग खऱ्या जुन्या नमुन्यांच्या ठिकाणांवरून शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना आणि सहकाऱ्यांना रानपिंगळा जिवंत सापडला. ११३ वर्षांनी! त्यानंतरच्या पाहण्यांत त्याची मोठी वस्ती मेळघाटात असल्याचं कळलं. हा घुबडाच्या जातीचा असून दिवसा वावरतो. सकाळच्या उन्हात एका सागाच्या उघड्या फांदीवर तो बसला होता, छाती भरून, शेपूट झटक्याने हलवत. शंभर वर्षं जगाने त्याला मेलेला धरलं होतं. तो मात्र रोज सकाळी असाच उन्हं खात बसत असणार.

बाजार आणि माणसं

हरिसालकडच्या एका आठवडी बाजारात आवाज आधी आला. दिवाळीनंतरचे हे बाजार घुंगरू बाजार म्हणून ओळखले जातात. वर्षभर कोरकूंची गुरं राखणारे गोंड गुराखी, ज्यांना इथे थाट्या म्हणतात, ते या दिवसांत सजून येतात. कवड्यांच्या माळा, डोक्याला रंगीत फेटे, डोळ्यांवर काळे गॉगल, कमरेला घुंगरू. हातात लांबलचक बासरी, सोबत ढोलकी. दुकानादुकानापुढे नाचतात आणि लोक पैसे देतात. भज्यांच्या कढईभोवती, मोबाइलच्या कव्हरांच्या गाड्याशेजारी, कांद्याच्या ढिगाऱ्यांमधून ते नाचत होते. गुरं राखण्याच्या वर्षाचा हा हिशेब आणि बोनस. पर्यटकांसाठी त्यातलं काहीच नव्हतं; आम्हाला कुणी जागाही करून दिली नाही, आणि ते बरंच वाटलं.

कोरकू हे मेळघाटातले मुख्य आदिवासी. त्यांची भाषा मराठीच्या किंवा गोंडीच्या कुळातली नाही. ती मुंडा कुळातली, तिची सख्खी भावंडं झारखंड-ओडिशात. गावाची रचना बघताक्षणी ओळखू येते. मधे सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांची रांग. एका गावाबाहेर झाडाखाली सागवानी फळ्या रोवलेल्या होत्या, कोरलेल्या: वर सूर्य-चंद्र, खाली घोडेस्वार. हे ‘मुंडा’, मृतांची स्मारकं. इमारती लाकूड म्हणून सरकारने ज्या सागाची मोजदाद केली, त्याचा या लोकांनी दगडाच्या समाधीसारखा उपयोग केला आहे.

बाजारात तरुणांच्या घोळक्यांत गाड्यांची बोलणी चालली होती. दिवाळी झाली की गावंच्या गावं कामाला बाहेर पडतात: कापूस वेचायला, वीटभट्टीवर, बांधकामावर. परततात ती होळीला, कारण होळी हा कोरकूंचा मोठा सण. तेव्हा रस्त्यात बाया नाचत उभ्या राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून फगवा मागतात. पाच महिन्यांच्या या रिकाम्या गावांत म्हातारी माणसं आणि लहान मुलं उरतात. १९९३ मध्ये मेळघाटातल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. बैरागडला दवाखाना थाटून बसलेले डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे त्याआधीपासून इथे आहेत. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जंगलातल्या हिरव्या महिन्यांतच घरातलं धान्य संपलेलं असतं, हे इथलं विचित्र गणित. धबधब्याचे फोटो येतात तेच दिवस या घरांना सर्वांत कठीण जातात.

उठलेली गावं

गाभ्यातल्या गावांची कहाणी वेगळी. बोरी, कोहा आणि कुंड ही पहिली तीन गावं २००० च्या आसपास जंगलाबाहेर, अकोट तालुक्यात वसवली गेली. मग आणखी कितीतरी गावं उठली. जिथे शेतं होती तिथे वनखात्याने कुरणं तयार केली. आम्ही पाहिलेल्या अशाच एका जागी कमरेएवढं गवत पिवळं पडलं होतं. मधेच एक आंब्याचं झाड, एक विहीर आणि जोत्याचे दगड. गवताची निगा हा इथे अभ्यासाचा विषय आहे. रानतुळशीसारखी तणं उपटायची, जनावरांना आवडणाऱ्या गवतांचं बी राखायचं. गवत सुधारलं तसे सांबर, गवे मोकळ्यावर येऊ लागले, आणि त्यांच्यामागे वाघ.

हा यशाचा भाग. दुसरा भाग पायथ्याच्या नव्या वसाहतींत आहे. जंगलात बाजाराशिवाय मिळणारं सरपण, मोहफुलं, मासे, खेकडे इथे मिळत नाहीत आणि हातात आलेला पैसा टिकत नाही. सुविधांच्या तक्रारी घेऊन काही पुनर्वसित कुटुंबं पुन्हा जंगलात गेली आणि जानेवारी २०१९ मध्ये केलपाणीला पोलीस, वनकर्मचारी आणि त्यांच्यात मोठी चकमक झाली. वाघाला मोकळी जागा हवी, हे पटतं. पण ती मोकळी करून देणाऱ्याचा हिशेब चुकता झाला का, हा प्रश्न त्या गवतात उभं राहिल्यावर टाळता येत नाही.

चिखलदरा

सेमाडोहहून चिखलदऱ्याला चढताना हवा बदलते. १,१०० मीटरच्या उंचीवर स्वेटर लागतो. १८२३ मध्ये हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सनने ही जागा हेरली आणि वऱ्हाडच्या उन्हाने भाजलेल्या साहेबांना थंड हवेचं ठिकाण मिळालं. त्याच्या कितीतरी आधी लोकांनी ते महाभारतात बसवलं होतं. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं ती ही कीचकदरा, हात धुतले ते भीमकुंड, आणि सर्वांत उंच वैराट म्हणजे विराटाची नगरी.

गाविलगडाच्या शार्दूल दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे. याच तटावरून किल्लेदार बेनीसिंगने १८०३ ची लढाई दिली. वेलस्लीच्या लोकांनी उत्तरेच्या डोंगरातून तोफा ओढत वर आणल्या, बाहेरच्या तटाला खिंडार पाडलं, आणि आतल्या तटाला शिड्या लावून कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी चढली. बेनीसिंग लढता लढता पडला. आज तटावर गवत आणि गाविलगडच्या तळ्यावर म्हशी.

त्या म्हशी गवळ्यांच्या. चिखलदऱ्याच्या पठारावर त्यांच्या वस्त्या आहेत. रस्त्याकडेला खवा आणि रबडी विकली जाते. दूध घाटाखाली नेण्याआधी नासू नये म्हणून आटवण्याची ही जुनी सोय आज प्रवाशांची मिठाई झाली आहे. मरियमपूरच्या बाजूला कॉफीची झुडपं आहेत. १९ व्या शतकाच्या अखेरीस मिशनच्या फादरांनी ती इथे लावली. सावलीतल्या फांद्यांवर हिरवी-लाल फळं दाटली होती. वऱ्हाडी माणूस चहाचा भक्त, त्याच्या डोंगरावर कॉफी. मोथा गावच्या शेतात स्ट्रॉबेरीची रोपं जीव धरत होती, तिचा हंगाम हिवाळ्यात.

पायविहीर

परतवाड्याकडे उतरताना पायथ्याशी पायविहीर गाव लागतं. वनहक्क कायद्याखाली या गावाला २०१२ मध्ये भोवतालच्या १९० हून अधिक हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेव्हा ती उघडी टेकडी होती. गावाने चराई आवरली, खड्डे खोदले, रोजगार हमीतून बांधबंदिस्ती केली, सीताफळं राखली. आपल्या फळाला नाव देऊन ते मुंबईच्या बाजारात पाठवू लागले. २०१४ मध्ये त्यांना जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. उपातखेडा, नयाखेडा, खतिजापूर ही शेजारची गावंही त्याच वाटेने गेली. आम्ही पोचलो तेव्हा सीताफळाचा हंगाम सरत आला होता. ग्रामसभेतल्या एका बाईने उरलेली फळं दाबून पाहत निवडली आणि भाव सांगितला. घासाघीस करून पाहिली. “जंगल आमचं आहे ना दादा, भाव बी आमचाच,” ती म्हणाली.

इथे जंगलाचं वर्ष मोजलं जातं ते असं: चैत्राच्या सुमारास मोहफुलं, मेमध्ये तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोपं आणि रोजगार हमीची कामं, दिवाळीला सीताफळ, हिवाळ्यात कॉफी आणि स्ट्रॉबेरी, फेब्रुवारीपासून वणव्याचा पहारा. वनमजूर तेव्हा जाळरेषा काढतात, म्हणजे पट्टा आधीच जाळून साफ ठेवतात, की आग आली तर तिथे थांबावी. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवरच्या मचाणांवर शहरातली माणसंही जनावरं मोजायला बसतात. त्यांची जागा मचाणावर, पण मचाण बांधून, पाणवठा भरून ठेवणारे हात वर्षभर तिथे असतात.

मेळघाटाला कुठल्या महिन्यात जावं, असं अमरावतीत नेहमी विचारलं जातं, आणि उत्तरं ठरलेली असतात: ऑगस्टमध्ये धबधबे, मेमध्ये वाघ. मी विचारणाऱ्याला उलट विचारतो, कुठलं काम पाहायचं आहे? पर्यटन हे या जंगलाच्या बारा पिकांमधलं एक पीक आहे, तेही बेभरवशाचं. पाऊस लांबला की गर्दी लांबते आणि रस्ता खचला की बंदच होतं. म्हणून ज्या महिन्यात गर्दी नसते त्यात जावं, खवा गवळ्याकडून घ्यावा, सीताफळ पायविहिरीतून, वाटाड्या सेमाडोहचा. आणि येताना अकोल्याच्या बाजूने उतरावं. तिथे खारपाणपट्ट्यातल्या कुठल्याही गावात नळ सुरू करून पाहिला की हे जंगल राखायचं कुणासाठी, या प्रश्नाला वाघाशिवाय दुसरंही उत्तर आहे हे समजतं.